हवेला दोन दारं

आमच्या घरमालकांनी जागा दाखवायला नेलं तेव्हा सगळ्यात आधी न्हाणीघर दाखवलं. स्वयंपाकघरात उजेड किती, पाणी किती वाजता, शेजार कसा, हे मी विचारत होते आणि ते नुसती मान हलवत होते. न्हाणीघराच्या दाराशी मात्र ते खाली बसले, दाराखालच्या फटीत हाताची चार बोटं आडवी घातली आणि माझ्याकडे वर बघत म्हणाले, "बाय, ही फट बुजवायची नाय. बाकी घर तुझं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं. लग्न होऊन महिना झाला होता आणि मला घाटावरून वसईच्या माणिकपूरला आणताना त्याने समुद्र, केळीच्या बागा आणि चर्च यांचं वर्णन केलं होतं, या फटीचं केलं नव्हतं. तो वालीवला एका कारखान्यात फिटर होता. स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, मागे केळीची वाडी, वाडीत विहीर आणि पुढे हे दुमजली घर. खाली दोन बिऱ्हाडं, वर दोन. मालक आणि त्यांची बायको, जिला आम्ही सगळे काकी म्हणायचो, वाडीच्या कडेच्या जुन्या कौलारू घरात राहायचे. ही ऐंशी सालानंतरची तीन-चार वर्षं. तेव्हा माणिकपुरात वाड्या तोडून इमारती उभ्या राहायला नुकती सुरुवात झाली होती.

न्हाणीघराचं वर्णन करायलाच हवं, कारण त्यावरून आमची सगळ्यांची भांडणं झाली. दार खालून चार बोटं कापलेलं. समोरच्या भिंतीत छताला लागून एक झरोका, त्याला काचेच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या पूर्ण मिटणार नाहीत अशा तारेने बांधलेल्या. आणि दाराला आतून कडी नव्हती. कडीची जागा होती, स्क्रूची भोकं होती, कडी नव्हती. ती मालकांनी स्वतःच्या हाताने उपटून काढली होती. आत कोणी असेल तर दारावर टॉवेल टाकायचा, अशी घराची रीत. पावसाळ्यात त्या फटीतून बेडूक यायचे. एकदा मी डोक्यावर पाणी घेत असताना एक बेडूक माझ्या पायावर येऊन बसला आणि मी अशी किंचाळले की वरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी जिना उतरून आल्या. मालकही आले. त्यांना बेडकाचं काहीच वाटलं नाही. "तो आला म्हंजे हवा पन येते," म्हणाले आणि निघून गेले.

हवेबद्दल ते घरच्या माणसासारखं बोलायचे. हवा पाहुणी आहे, तिला आत यायला एक दार लागतं आणि जायला दुसरं. खालून येते, वरून जाते. एकच दार ठेवलंत तर ती दारातच उभी राहते. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात तीनदा सांगितलं, नवऱ्याला पाचदा. काकी मागे उभी राहून हसायची आणि त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणायची, जे मला तेव्हा कळायचं नाही. नंतर कळायला लागलं. ती म्हणायची, या माणसाशी लग्न केल्यापासून मी एक डबा धड झाकलेला नाही.

ते खरं होतं. त्यांच्या घरात तांदळाच्या डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली होती आणि तांदळात कायम सोंडे. कपाटाची दारं उघडी. खिडक्यांना गज होते, पण दारं नव्हती. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर, दाराच्या अगदी शेजारी बसायचे आणि वारा नसेल तर बाहेर पायरीवर. पापनिवेदनाच्या पेटीत शिरायला त्यांनी साफ नकार दिला होता. फादरांनी बरीच वर्षं समजावलं, मग तेही थकले. आता मालक चर्चच्या आवारात चिंचेखाली उभ्याउभ्या पापं सांगायचे आणि त्यांचा आवाज मुळातच मोठा असल्यामुळे अर्ध्या गावाला ती ऐकू जायची. पापंही अशी की, शेजाऱ्याच्या केळीचं पान कापलं, बायकोवर ओरडलो. एक मात्र ते दर वेळी हळू आवाजात सांगत. ते काय, हे काकीलाही ठाऊक नव्हतं. मरणाचीही तयारी त्यांनी करून ठेवली होती. शवपेटीचं झाकण मातीपर्यंत उघडं ठेवायचं, असं काकीला बजावलेलं. "मग वर डास बसतील," काकी म्हणायची. "बसू देत," ते म्हणायचे.

आम्ही भाडेकरू त्यांना हसायचो, हे कबूल करते. त्यांची नक्कल माझ्या नवऱ्याला फार छान यायची.

मग गिझर आले. आधी वरच्या वहिनींकडे. त्यांना दोन मुली, थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची, दोघींची सकाळची शाळा. वीज सकाळीच जायची, स्टोव्हवर पाणी तापवायला वेळ पुरायचा नाही. गॅसचा गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेली पांढरी पेटी. सिलिंडर स्वयंपाकघरात, नळी भिंतीतून आत. नळ सोडला की आत भप्प आवाज होऊन ज्योती पेटायच्या आणि क्षणात कढत पाणी. वहिनींचा बघून आम्हीही आणला, मग उरलेल्या दोन बिऱ्हाडांनीही. वालीवला एका शेडमध्ये सुटे भाग आणून गिझर जोडून द्यायचे, तिथल्या ओळखीने. धूर जायला त्याला पाइप वगैरे काही नव्हता. तेव्हा कोणाच्याच गिझरला नसायचा, निदान मी पाहिलेल्या.

मालक आमचा गिझर बघायला आले. त्याच्या पोटातल्या छोट्या भोकाला डोळा लावून बराच वेळ बघत राहिले.

"हा हवा खातो," ते म्हणाले.

"काका, तो गॅस खातो," नवरा म्हणाला.

"गॅस तू देतोस त्याला. हवा कोन देनार?"

माझ्या माहेरी अंगणात तांब्याचा बंब होता. मी त्यांना विचारलं, बंबही पेटतोच की. त्यावर त्यांचा चेहरा एकदम निवळला. बंब चांगला, म्हणाले. बंबाचा धूर होतो, डोळे चुरचुरतात, माणूस शिव्या देत बाहेर पळतो. "ज्याचा वास येतो त्याला भिऊ नको, बाय. ज्याला वास नाय, रंग नाय, त्याला भी." हे बोलताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पहिल्यांदाच त्यांची नाही, न्हाणीघराची भीती वाटली.

त्यांनी नियम घातले. बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग आंघोळीला बसायचं. पाणी चालू ठेवून न्हायचं नाही. आणि रोज सकाळी घरामागून त्यांची फेरी. हातात काठी. एकेका न्हाणीघराच्या भिंतीवर काठीने दोनदा ठोकायचे आणि ओरडायचे, "जागी?" आत जो असेल त्याने तांब्या बादलीवर आपटून उत्तर द्यायचं. उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. वरच्या मजल्यासाठी जिन्यावर चढून ठोकायचे. नव्या नवरीला आंघोळीच्या वेळी परक्या माणसाने हाक मारायची आणि तिने तांब्या वाजवायचा, ही गोष्ट मी माहेरी कोणाला सांगितली नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस संपताना मला हिवताप झाला. वसईचे डास आणि घाटावरचं रक्त, दोघांचं चांगलं जमलं. महिनाभर मी अंथरुणात होते. उठले तेव्हा डिसेंबर लागला होता आणि झरोक्यातून येणारा वारा ओल्या अंगावर लागला की पुन्हा हुडहुडी भरायची. काकी मला पेज घेऊन यायची. एकदा तिच्यादेखत मी न्हाणीघरातून दात वाजवत बाहेर आले. तिने जाऊन मालकांना काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. बगलेत दोन पुठ्ठे, हातात एक जाड मेणबत्ती, चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली, अर्धी जळलेली.

"थंडीपुरतं झरोक्याला पुठ्ठा लाव," ते म्हणाले. "खालची फट पन बुजव. पन ही मेनबत्ती आत पेटवून ठेवायची. जमिनीवर. नजर हिच्यावर. ज्योत खाली गेली, बारीक झाली, की सगळं टाकून बाहेर."

मग त्यांनी समजावलं. जुनी विहीर उपसायला उतरायचं असेल तर आधी दोराने पेटता कंदील खाली सोडतात. विझला तर माणूस उतरत नाही. वाडीवाल्यांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा. विहिरीच्या तळाशी वाईट हवा बसते, तिथे दिवा जगत नाही. दिवा जगला तर माणूस जगतो.

हे इतकं सरळ होतं की मला एकदम पटलं. शिवाय मला कौतुक वाटलं. ज्या माणसाने तांदळाचा डबा झाकू दिला नाही, तो माझ्या थंडीसाठी स्वतः पुठ्ठे कापून आणतो. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो अंगणात उभं राहून प्यायला.

महिनाभर सगळं नीट चाललं. मेणबत्ती जळायची, न्हाणीघर उबदार व्हायचं, मला ते आवडायलाही लागलं. आणि मेणबत्ती होती म्हणूनच मी धीट झाले. बादली भरून गिझर बंद करायचा नियम मी हळूहळू सोडला. समोर राखणदार बसवलाय, मग काय.

तो केस धुवायचा दिवस होता. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. शिकेकाईचं पाणी, लांब केस, गिझर चालू. मी दगडावर बसले होते, अंगावर परकर बांधलेला, आणि मधूनमधून मेणबत्तीकडे बघत होते. डोकं दुखायला लागलं. मला वाटलं तापाचा अशक्तपणा. कपाळात ठोके पडत होते. मग मळमळलं. मग ते दोन्ही थांबलं आणि एक छान गुंगी आली, दुपारच्या झोपेची येते तशी. मी भिंतीला टेकले. तांब्या हातातून सुटला. तो उचलावा म्हणून हात पुढे केला, तर हात मांडीवरच पडून राहिला. मी पुन्हा सांगितलं, उचल. तो हलला नाही.

तेव्हा मला कळलं. गळ्यापर्यंत किंकाळी आली आणि तिथेच राहिली. दार हातभर अंतरावर होतं, त्याला कडी नव्हती, नुसतं ढकलायचं होतं. मी मेणबत्तीकडे बघत होते, कारण मान वळवणंही जमत नव्हतं. ज्योत सरळ उभी होती. बोटभर उंच, स्वच्छ, जराही न हलता. मला आठवतं, मी तिच्यावर चिडले. मग मला माझी आई दिसली आणि मला वाटलं, हिला कोण सांगणार.

पुढचं मला काकीने सांगितलं. मालकांनी भिंतीवर ठोकलं. उत्तर नाही. पुन्हा ठोकलं. पाण्याचा आवाज येतोय आणि तांब्याचा नाही. त्यांनी थेट काठीने झरोक्याची काच फोडली, पुठ्ठा आत ढकलला आणि काकीच्या नावाने अशी हाक मारली की ती वाडीतून अनवाणी धावत आली. काकीने स्वयंपाकघरातून शिरून दार ढकललं आणि मला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. फुटलेल्या झरोक्यातून आलेल्या वाऱ्याने मेणबत्ती तोवर विझली होती.

मी डोळे उघडले तेव्हा वर केळीची पानं होती आणि मालकांचा चेहरा. अंगावर काकीने चादर टाकलेली. मालक गुडघ्यांवर बसले होते. कशी आहेस, असं त्यांनी विचारलं नाही.

"ज्योत खाली गेली होती ना?" त्यांनी विचारलं. "गेली होती ना, बाय? तुझं लक्ष नव्हतं ना?"

त्यांनी ते पुन्हा विचारलं. मी बोलू शकत नव्हते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. इतक्या म्हाताऱ्या माणसाने माझ्याकडे असं काही मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "हो. माझं लक्ष नव्हतं."

त्यांनी डोळे मिटून छातीवर क्रूसाची खूण केली. मला वाटलं, मी एक चांगलं काम केलं.

दुपारी डॉक्टर आले. तपासून म्हणाले, नशीब. आणखी पाच मिनिटं आणि मी इथे वेगळ्या कामासाठी आलो असतो. मी त्यांना मेणबत्तीचं विचारलं, सहज विचारल्यासारखं. ते म्हणाले, कोंडलेल्या खोलीत गिझरला हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि एक विषारी वायू सोडतो, इंजिनाच्या धुरात असतो तोच. त्याला वास नाही. तो रक्तात शिरतो आणि रक्तातला प्राणवायू अडवतो. "मेणबत्तीला रक्त असतं का?" ते म्हणाले. "ती तुमच्या प्रेताशेजारी मजेत जळत राहील." विहिरीच्या तळाची हवा वेगळी, ही वेगळी. एवढं बोलून बॅग उचलून ते गेले.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने उठून पान्याने गिझर उतरवला आणि पोत्यात बांधला. आणि म्हणाला, "काकांना हे सांगू नकोस. मोडून पडतील. त्यांच्याच मेणबत्तीने तुला मारलं असतं हे कळलं तर ते जगायचे नाहीत. आपला गिझर गेला, विषय संपला."

विषय संपला नव्हता. आठवड्याच्या आत थंडी वाढली आणि मालकांनी वरच्या वहिनींनाही पुठ्ठे दिले. माझ्यासारखी सवलत त्यांनाही हवी होती, मुलींना खोकला होता. मालकांनी एक मेणबत्ती दिली आणि माझी गोष्ट सांगितली. तिचं लक्ष नव्हतं, म्हणून पडली. तुम्ही लक्ष ठेवा. थोरल्या मुलीला त्यांनी स्वतः शिकवलं, धाकटीला वहिनी न्हाऊ घालतील तेव्हा तू ज्योतीकडे बघत बसायचं. पोरगी हुशार, तिने मान डोलावली. उरलेल्या दोन बिऱ्हाडांनाही मग पुठ्ठे आणि मेणबत्त्या मिळाल्या.

मी त्याच दिवशी वर गेले. वहिनींना म्हणाले, पुठ्ठे काढा, मेणबत्तीवर भरवसा ठेवू नका, डॉक्टर असं असं म्हणाले. वहिनी पोळ्या लाटत होत्या. "अगं, पण काका म्हणाले ना, तुझं लक्ष नव्हतं. तूच सांगितलंस त्यांना."

"मी खोटं सांगितलं."

वहिनींनी लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "तापातून उठलीयस तू. त्यात हे झालं. जास्त विचार करू नकोस. काका इतकी वर्षं हवा हवा करतायत, त्यांना कळत नसेल का?"

मी खाली आले. माझा शब्द माझ्याच विरुद्ध उभा होता आणि त्याला काकांचा आधार होता.

त्यानंतरच्या सकाळी मी कशा काढल्या ते मलाच ठाऊक. साडेसहाला डोक्यावर भप्प व्हायचं. मी चहाचं आधण ठेवून छताकडे बघत उभी राहायचे. वरून दोन्ही मुलींचे आवाज यायचे, आंघोळ करताना त्या पाढे म्हणायच्या. बे एके बे पासून सुरू. मीही खाली ओठांनी म्हणत जायचे. मालकांची काठी जिन्यावर वाजायची, वरून तांब्या वाजायचा, मी श्वास सोडायचे. पण काठी येऊन गेल्यावरही पाणी चालूच असायचं. काठी दिवसातून एकदा यायची, विष कधीही येऊ शकत होतं. चहा रोज उतू जायचा. नवराही बघत असायचा वर.

नवव्या की दहाव्या दिवशी पाढे सत्तावीसाच्या पाढ्यात मधेच थांबले.

मी वाट पाहिली. सत्तावीस चोक, आणि पुढे काही नाही. पाणी चालू. मी जिना कसा चढले ते माहीत नाही. वहिनींच्या स्वयंपाकघरातून सरळ शिरले आणि न्हाणीघराचं दार ढकललं. आत वाफ, धाकटीच्या डोळ्यांत साबण गेलेला, वहिनी तिचे डोळे पुसत होत्या, आणि थोरली जमिनीवर उकिडवी बसून मेणबत्तीकडे टक लावून बघत होती. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिला नजर हलवायची नाही, असं शिकवलं होतं. ज्योत सरळ उभी होती. बोटभर उंच.

वहिनी माझ्यावर रागावल्या, ते साहजिक होतं. मी खाली आले आणि तशीच वाडीत गेले. मालक पानवेलींना पाणी लावत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काका, मी खोटं बोलले. ज्योत खाली गेली नव्हती."

त्यांनी वर पाहिलं.

"माझं लक्ष होतं," मी म्हणाले. "मी तिच्याकडेच बघत होते. माझा हात उचलत नव्हता, मान वळत नव्हती, आणि ती तशीच जळत होती. शेवटपर्यंत."

"जराशी कमी झाली असंल," ते म्हणाले. "पिवळी झाली असंल. तुला कळलं नसंल."

"नाही, काका. सरळ होती."

पाणी पाटातून वाहून चाललं होतं. त्यांनी ते अडवलं नाही.

"मग तवा का नाय बोललीस?"

"तुमचा चेहरा बघून."

मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा कोसळतील. दोन्हीतलं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, "वर आता कोन न्हातंय?" मी म्हणाले, मुली. ते वळले आणि चिखलाच्या पायांनी चालू लागले, मग धावू लागले. त्या वयाच्या माणसाला मी कधी असं धावताना पाहिलं नव्हतं. जिन्यावर त्यांचा आवाज, मग वहिनींचा, मग मुली टॉवेलात गुंडाळून बाहेर. मालकांनी वहिनींना काय सांगितलं ते मी खालून ऐकलं. "माजी चूक झाली. मेनबत्ती खोटी हाय. मी खोटं शिकवलं." तेच ते वरच्या दुसऱ्या बिऱ्हाडात जाऊन म्हणाले, मग आमच्या शेजारच्या दारात. कोणी काही विचारलं तर पुन्हा तेच शब्द.

सकाळभर घरात ठोकाठोक चालली. त्यांनी पहार आणली आणि चारही न्हाणीघरांचे झरोके मोडून दुप्पट केले. काचा काढल्या, पट्ट्या काढल्या, उघडी भगदाडं ठेवली. पुठ्ठे, फटींतली पोती, सगळं खाली अंगणात फेकलं. वहिनींच्या नवऱ्याने संध्याकाळी गिझर उतरवून बाहेर गॅलरीत, उघड्यावर, लावायचं कबूल केलं. दुपारी मालक खाली आले तेव्हा केसांत, भुवयांत चुना होता. सदऱ्याच्या ओच्यात चार घरांतल्या मेणबत्त्या. ते धुण्याच्या दगडावर बसले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरला आणि प्यायले नाहीत.

"मला एक भाव होता," ते म्हणाले.

मला हे ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, काकीलाही अर्धंच ठाऊक होतं.

"माज्यापेक्षा दोन वर्सांनी लहान. विहिरीचं पानी खाली गेलं होतं, म्हनून पंपाचं इंजिन आत उतरवलं होतं, कपारीवर. सकाळपासून चालू होतं. मग बंद पडलं. तो बोलला, मी बघून येतो. मी बोललो, थांब, कंदील सोडू दे." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मी सोडला. पार इंजिनापर्यंत. पेटता होता. मी बोललो, जा."

काकी पदर हातात धरून मागे येऊन उभी राहिली होती.

"दोरानं वर काढला त्याला. बापानं विचारलं, कंदील विझला तवा तू कुठं बघत होतास? सगळ्यांनी तेच विचारलं. कंदील विझल्याबिगर मानूस मरत नाय, हे सगळ्यांना ठावं. मी लहानपनी जरा तसाच होतो, पाखरं बघत बसायचा. मी बोललो, नव्हतं माजं लक्ष. मग मला पन तसंच वाटायला लागलं. बापाला सांगितलं, फादरला सांगितलं, दर वर्साला सांगितलं."

त्यांनी ओच्यातली एक मेणबत्ती उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे वर बघून, मी त्यांना सांगितलं होतं त्याच आवाजात, म्हणाले,

"मी बघत होतो, बाय."